वजनात कमी भरलेली काच

पहिल्यांदा ताईचं सांगते, काय झालं ते मागून. नाहीतर माझंच रडगाणं लांबत जाईल आणि जिनं त्या दिवशी मला सावरलं तीच राहून जाईल.

ताई माझी सख्खी नाही, गावाकडचीही नाही. ती याच शहरात वाढलेली. तिचे आजोबा गुलमंडीच्या मागं एका देवळात पूजा करायचे, वडील कचेरीत कारकून होते, आणि ती पीएचडी करत होती. मी सातवीतून शाळा सोडलेली, किनवटच्याही पलीकडच्या, तेलंगणाला टेकलेल्या खेड्यातली. आम्ही एका डब्यात जेवायला लागलो त्याचं कारण एवढंच, की तिला माझी ज्वारीची भाकर आवडली आणि मला तिचं मेतकूट.

त्याआधी मी बजाजनगरला दोघी पोरींसोबत खोली करून राहायचे आणि एका कंपनीत पॅकिंगच्या लाइनवर उभी राहायचे. वडलांचं रोज फोनवर एकच, "खोकी चिकटवायला एवढ्या लांब कशाला? घरी ये." घरी गेले असते तर पुढं काय होतं ते मला माहीत होतं. दोन चुलतबहिणींची घाईनं लावलेली लग्नं बघितली होती. मग ठेकेदारानं मला वाळूजमधल्या एका शेडमध्ये पाठवलं. शेड आबांची. आबा म्हणजे सरांचे वडील. पुढच्या अर्ध्या भागात आबांचं साचे बनवायचं वर्कशॉप, मागच्या अर्ध्यात त्यांच्या पोरानं, म्हणजे सरांनी, शिकून आल्यावर थाटलेली लॅब. ताई तिथंच पीएचडीचं काम करायची. गेले झाडूपोछा करायला. पण ताईनं आधी मला चकत्या धुवायला बसवलं आणि नंतर यंत्राजवळ. घरी सांगितलं, "लॅबमध्ये आहे." वडलांना लॅब म्हणजे तालुक्याला रक्त तपासतात ती माहीत, पण त्या शब्दानं ते गप्प झाले. तो शब्द हातचा गेला असता तर मला सामान बांधण्यावाचून रस्ता नव्हता. माझं सगळं त्या एका शब्दावर उभं होतं.

तिथं फिल्म बनायची. फिल्म म्हणजे प्लास्टिकच्या जातीच्या काचेचा थर. इतका पातळ, की बोटाला लागतच नाही, नुसता खालच्या गुळगुळीत चकतीवर रंग दिसतो, पाण्यावर रॉकेल सांडल्यावर दिसतो तसा. मला वाटायचं, प्लास्टिक ते प्लास्टिक आणि काच ती काच. ताई हसली.

"काच फक्त खिडकीची नसते गं. पातळ असताना निवत गेलं आणि आतले कण रांगेत बसायच्या आधीच जिथल्या तिथं अडकले, की ती काच. प्लास्टिकचीही होते."

"म्हणजे उरुसातली गर्दी," मी म्हणलं. "पुढं जाता येईना, खाली बसता येईना."

"तेच. आणि जरा ऊब मिळाली की ती गर्दी हलायला लागते. फिल्म आकसते, तिला भोकं पडतात. आम्हाला उन्हातान्हात टिकणारी पाहिजे. आणि वजनाला हलकी."

"हलकी ती कशी टिकंल?"

"सगळे तेच म्हणतात," ती म्हणाली, आणि मेतकुटावर तूप ओढून घेतलं.

यंत्र म्हणजे पोलादाचं भांडं, त्यातली सगळी हवा काढलेली. आत प्लास्टिक विरघळवलेल्या पाण्यासारख्या द्रावाचा बर्फ. त्या बर्फावर लेझरचे ठोके पडायचे, बर्फ उडायचा, आणि त्यातलं प्लास्टिक कणाकणानं समोरच्या कोमट चकतीवर जाऊन बसायचं. बर्फ गार ठेवायला लिक्विड नायट्रोजन लागायचं. ते मला नवीन नव्हतं. आमच्याकडं गाई भरवायला येणारा डॉक्टर मोटरसायकलला तसलाच धूर निघणारा डबा बांधून येतो. माझं काम हे, की नायट्रोजनचं भांडं रिकामं पडू द्यायचं नाही आणि यंत्राचं दार उघडायचं नाही. भांडं रिकामं पडलं तर आतला बर्फ पाघळणार आणि चकतीवर काच नाही, नुसता फेस बसणार. काम सोपं. पण मी खोलीला कुलूप लावलं की चार पावलं जाऊन माघारी येते, पुन्हा ओढून बघते. तर इथलं काय सांगावं! ओतायची, जाऊन बसायची, परत उठून बघायची. ताई म्हणायची, "अगं, ते तान्हं बाळ नाही."

खंडेनवमीला वाळूजच्या शेडांमधनं यंत्रं बंद असतात. धुऊनपुसून हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. त्या दिवशी आबांनी पुढच्या भागातल्या लेथला, ड्रिलला, पान्या-हातोड्यांना सगळ्यांना कुंकू लावलं आणि ताट घेऊन मागं आले. सर आदल्या दिवशीच बायकोपोरांना घेऊन सासुरवाडीला गेलेले. ताईनं सकाळी यंत्र चालू केलं होतं. सणाच्या मागंच मुंबईला या विषयाच्या लोकांची मोठी सभा होती आणि ही फिल्म तिला तिथं न्यायची होती. तिथं ज्याचं काम नजरेत भरंल त्याला परदेशातल्या एका लॅबमध्ये जागा मिळणार, असं तिनं मला लाजत लाजत सांगितलेलं.

आबांनी यंत्राची टकटक ऐकली आणि ताट हातात धरून तसेच उभे राहिले.

"हे चालूच हाय व्हय?"

"हे बंद नाही करता येत, आबा. बर्फ वितळेल, सगळं वाया जाईल."

"तुझा बर्फ तू बघ. म्या यंत्राचं बोलतो. आज नवमी. पोळ्याच्या दिशी बैलाच्या मानंवर कुणी जू ठिवतं का?"

"नाही ठेवत."

"मंग?"

ताईनं माझ्याकडं पाहिलं. मी फरशीकडं पाहिलं. मालकाचा बाप एकीकडं, काम एकीकडं. शेवटी तीच म्हणाली, "बंद नाही करत, पण चाल कमी करते. अगदी कमी. चालेल?"

आबांनी विचार केला. "म्हंजी नांगराला न्हाई जुपला, नुसता बांधावर चराया सोडला. आसं?"

"असंच."

"मंग जमलं. देव तेवढं चालवून घेतो."

ताईनं लेझरचे ठोके कमी केले. मघाशी ताशासारखं वाजत होतं ते आता नळ गळावा तसं थेंब थेंब झालं. आबांनी पोलादाला कुंकवाचं बोट लावलं. माळ मात्र ताईनं घालू दिली नाही, तिथल्या तारा तापतात म्हणून. आबांनी ती माझ्या हातात दिली. "घे, तूच घाल. तूबी यंत्रच हायस, दम म्हणून खात न्हाईस."

त्या चालीनं फिल्म पुरी व्हायला दसऱ्याची दुपार होणार होती. ताईला घरी नैवेद्याला जाणं भागच होतं. मी म्हणलं, मी बसते. मला कुठं जायचं होतं? खोलीतल्या दोघी गावाला गेल्या होत्या. माझं गाव एवढं लांब, की तेवढ्या सुट्टीत जाऊन नुसतं दाराला हात लावून यायचं. मी बसले. रात्रभर ऑफिसातल्या सतरंजीवर टेकायची आणि उठायची. दसऱ्याच्या दुपारी ताई पुरणपोळ्या आणि आपट्याची पानं घेऊन आली, यंत्र बंद केलं, रीतसर हवा आत सोडली आणि चकती काढली. दुधी रंग, त्यावर निळसर झाक. आम्ही एकमेकींना सोनं दिलं. घरापासनं लांब माझा पहिलाच दसरा, आणि तो चांगला गेला असं मी त्या दिवशी घरी फोनवर सांगितलंसुद्धा.

सर परत आले त्या दिवशी सकाळी आम्ही चौघंही लॅबमध्ये होतो. आबा नुसते चहाला मागं आलेले. सरांनी जाडी मोजली. फिल्मवर एक चर पाडतात आणि त्यावरून बारीक सुई फिरवतात. जाडी ठरल्याप्रमाणं भरली. मग त्यांनी चकती काचेच्या पेटीतल्या नाजूक काट्यावर ठेवली आणि आकड्याकडं बघत राहिले. कोऱ्या चकतीचं वजन आधीच घेऊन ठेवलेलं असतं, वाढलं ते फिल्मचं. सरांनी चकती उचलली. काटा शून्यावर आणला. परत ठेवली.

"हलकी आहे," ते म्हणाले. "फार हलकी आहे. जाडी पुरी आणि वजन जवळजवळ निम्मं."

ताई वाकून बघायला लागली. 

"आत फेस झालाय," सर म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "तुम्ही झोपला होता का?"

सर मला एरवी ‘तू’ म्हणायचे. लहान बहिणीला म्हणावं तसं. त्या दिवशी ‘तुम्ही’ म्हणाले. आवाज चढवला असता तर मी रडले असते, काहीतरी बोलले असते. पण ते बँकेतल्या माणसासारखं बोलले. 

"बर्फ पाघळला की दार उघडलं? खरं सांगा, मी रागावणार नाही."

मी नुसती नाही म्हणून मान हलवली. तुम्हाला सांगते, आमच्या गावात वजनात कमी भरलं म्हणजे एकच अर्थ. कुणीतरी हात मारला. तूर असो, कापूस असो, तूप असो. आणि इथंही गुलमंडीत दुकानदारानं कापडाचं थान हातात झेलून नुसतं "ये हलका माल है" म्हणलं, की आपण ते खाली ठेवतो, दुसरं मागतो. हलकं म्हणजे खोटं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, ते अंगातच होतं. म्हणून सर ‘हलकी आहे’ म्हणाले तेव्हा सगळ्यांत आधी मीच माझ्यावरचा विश्वास सोडला. लागला असंल डोळा, मला वाटलं. पहाटे पहाटे लागला असंल. मी सगळं आठवून बघायला लागले, प्रत्येक वेळचं ओतणं, आणि जितकं आठवत गेले तितकं ते माझंच मला खोटं वाटायला लागलं.

आबा म्हणाले, "आरं, चाल म्या कमी कराया लावली. तिला काय बोलतो?"

"चाल कमी केली की वेळ वाढतो, आबा. वजन कमी होत नाही."

सरांनी फोन काढला आणि माझ्यासमोरच ठेकेदाराला लावला. "उद्यापासून दुसरं कुणीतरी द्या. नाही, भांडण वगैरे नाही. जबाबदारीचं काम आहे, म्हणून."

म्हणजे झालंच. बजाजनगरमध्ये ठेकेदार सगळे एकमेकांना ओळखतात. ‘कामावर झोपती’ हे एकदा मागं लागलं की पॅकिंगलासुद्धा उभं करत नाहीत. मी माझी चप्पल शोधायला लागले. ती माझ्या पायातच होती.

तेव्हा ताई बोलली. "सर, फेस असेल तर तापवल्यावर लगेच कळेल."

"तापवली तर फिल्म जाईल."

"जाईल."

"तुझ्याकडं एकच आहे. मुंबईला काय नेणार? दुसरी करायला आता वेळ नाही."

"फेस असेल तर नेण्यासारखं काही नाहीच. आणि नसेल तर हिला का काढताय?"

"हे बघ, फोटो काढ, चांगल्या बाजूचे आकडे दाखव. हलकी आहे, लोकांना आवडेल. एका कामवालीपायी…"

"सर, ती रात्रभर बसली होती. मी घरी पुरण वाटत होते."

मी तिची ओढणी धरली. "ताई, नको. मी जाते गावाला. तुझं नुकसान नको."

"गप गं. तू जाशील आणि मी जन्मभर विचार करत बसेन, त्यात फेस होता की नव्हता." असं म्हणून तिनं चिमट्यानं चकती उचलली. मी तेव्हा जेवढी हादरले तेवढी सरांच्या बोलण्यानंही हादरले नव्हते. माझ्यासाठी आजवर कुणी साधी बसमधली जागाही सोडली नव्हती.

तापवायचा तवा लहानसा, सुपारीच्या डब्याएवढा, वर सूक्ष्मदर्शक, आणि त्यातलं चित्र पडद्यावर. ताईनं शेजारी दुसरी चकती ठेवली, नेहमीच्या पद्धतीनं थेंब टाकून गरगर फिरवून केलेली, चांगल्या भरीव वजनाची. सरांनी मला सांगितलं, पहिल्यांदाच नीट माझ्याकडं बघून, "फेस असेल तर ही हलकी आधी खाली बसेल. हिचा रंग पळेल. मग आपण बोलायचं नाही."

"नाही बोलायचं," मी म्हणलं. त्या सकाळी सरांशी बोललेले माझे ते पहिले शब्द.

ऊब वाढत गेली. मी एका डोळ्यानं बघत होते, दुसरा मिटलेला, लहानपणी गावात देवीपुढं बोकड कापताना बघायचे तसा. आबांनी चहा अर्धाच ठेवून दिला. बराच वेळ काही झालं नाही. मग पडद्यावर एका फिल्मला बारीक भोकं पडायला लागली. भोकं मोठी झाली, एकमेकांत मिसळली, आणि ती फिल्म ठिपक्याठिपक्यानं गोळा व्हायला लागली, कोरड्या न झालेल्या तव्यावर तेल पळतं तशी.

मी डोळे मिटले. संपलं.

"कुठली?" ताई म्हणाली. "सर, कुठली चकती ही?"

सरांनी डोकं खाली घालून तव्यावर बघितलं, परत पडद्यावर. "भरीव," ते म्हणाले. "भरीववाली गेली."

"आणि हलकी?"

हलकी तशीच होती. दुधी, निळसर, न हललेली.

"तव्याची एक बाजू कमी तापत असेल," सर म्हणाले. बोलण्यासारखं होतं ते. त्यांनी दुसरी भरीव चकती आणली आणि जागांची अदलाबदल केली. तीही गेली. हलकी तशीच. ऊब आणखी वाढवली. तशीच. सर स्टुलावर बसले, पुन्हा उठले.

"काय झालं रं?" आबा म्हणाले. "जळाली का?"

"नाही, आबा. जळत नाही, तेच झालंय." सरांचा आवाज बदललेला. "असं होत नाही. हलकी काच आधी जाते. असं होत नसतं."

ताईनं माझं मनगट धरलं होतं, आणि तिची नखं माझ्यात रुतली होती हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

शेवटी, भरीव फिल्मचा मागमूसही उरला नव्हता त्यानंतर कितीतरी वेळानं, सरांनी ऊब इतकी चढवली की हलकीही सावकाश बसायला लागली. सरांना बघायचंच होतं ती कुठवर तग धरते. रंग पळाला, पांढुरकं पुसट काहीतरी उरलं. ताईची मुंबईला न्यायची फिल्म आमच्या चौघांच्या डोळ्यांसमोर गेली. आणि ताई हसत होती. डोळ्यांतून पाणी आणि तोंडावर हसू.

नंतर चहा परत झाला तेव्हा तिनं मला समजेल असं सांगितलं. "एरवी सगळे कण एकदम घुसतात, मिळेल तिथं कोंबून बसतात. या वेळी एकेक आला. पुढचा यायच्या आत ऐसपैस बसला. मधे मोकळी जागा राहिली, म्हणून वजन कमी. पण ज्याला त्याला आपली जागा सापडलेली, म्हणून हलायची कुणाला घाई नाही. मला असं वाटतं. खात्री नाही."

"म्हंजी यंत्राला दम खाऊ दिला, त्यानं," आबा म्हणाले.

"नुसतं तेवढंच नाही, आबा," सर म्हणाले. "चकतीची ऊब नेमकी जुळून आली, बर्फ शेवटपर्यंत टिकला. सावकाशीही आहे त्यात."

"मंग माझं निम्मं तरी मान."

"मानलं."

सरांनी ठेकेदाराला पुन्हा फोन लावला. "राहू द्या. ह्याच असू द्या." माझी माफी वगैरे त्यांनी मागितली नाही आणि मला ती सोसलीही नसती. जाताना एवढंच म्हणाले, "तू उद्या लवकर ये. पुन्हा करायची आहे, त्याच चालीनं." मी बाहेर नळावर जाऊन तोंड धुतलं. किती वेळ धुतलं कुणास ठाऊक. पाण्याची टाकी संपली म्हणून वर्कशॉपातले ओरडले.

माझं निभावलं. ताईचं नाही. मुंबईला ती फोटो आणि आकडे घेऊन गेली. सभेत कुणीतरी विचारलं, फिल्म कुठंय? ती म्हणाली, तापवली. लोक हसले. एकानं तर उठून सांगितलं की तुमचा काटा बिघडलेला असेल. परदेशातली ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. हे तिनं मला भाकरी मोडता मोडता सांगितलं, बस चुकल्याचं सांगावं तसं.

"माझ्यामुळं," मी म्हणलं.

"तुझ्यामुळं कशाला? मला बघायचं होतं ना."

ते तसंही असंल. तिचं शास्त्र मला कळत नाही, तेव्हा त्यातलं किती तिच्या शास्त्रासाठी होतं आणि किती माझ्यासाठी, ते मी तोलत बसत नाही. त्या फिल्मनंतर आम्ही सावकाश चालीच्या कितीतरी केल्या. काही तशाच हलक्या आणि चिवट निघाल्या, काही नाही. ताई अजून शोधते आहे, नेमकं काय जुळलं म्हणून. मी अजून नायट्रोजनचं भांडं भरते. आणि अजूनही कुणी माझ्याकडं वळून ‘तुम्ही’ म्हणलं, बसचा कंडक्टर का असेना, की मी आधी पायातल्या चपलेकडं बघते.

आता ताईला पुन्हा अर्ज करायचाय, त्याच लॅबमध्ये. करू का नको करू चाललंय तिचं. वडील मागच्या वर्षी गेले, आणि आईचे गुडघे असे, की त्यांना उठवायला माणूस लागतं. परक्या बाईच्या जिवावर टाकून कसं जाऊ, म्हणते.

ताई, तू अर्ज कर. जागा मिळाली की जा, दोन वर्षं जा, चार जा. तुझ्या आईजवळ मी राहीन. पगारी नाही, लेकीसारखी राहीन. त्यांच्या सोवळ्याओवळ्याचं जे काय असंल ते शिकून घेईन, मेतकूट करायला शिकेन, रात्री हाक मारली की उठेन. आज मी तुला यातलं काही बोलले नाही, बोलले असते तर तू हसून उडवलं असतंस. म्हणून लिहून ठेवते. तू जाशील त्या दिवशी मी माझी पेटी घेऊन तुझ्या दारात आलेली असेन.